अर्ध्या तासाने दम टाकणारा ट्रॅक्टर (घरच्या ग्रुपवर)

दादा (मुरबाड): नाना, चिखलणीला लावला की अर्धा तास झकास चालतो. मग आवाज बसतो, रेस दिली तरी उचलत नाही आणि बंद. दहा मिनिटांनी सेल्फ मारला की परत चालू. मेकॅनिक म्हणतोय डिझेल पंप उतरवू.

नाना (ऐरोली): आत्ताच पंपाला हात लावू देऊ नकोस. बंद पडताना धूर कसला?

दादा (मुरबाड): धूर उलट कमी होतो. काळा अजिबात नाही.

नाना (ऐरोली): मग डिझेलच कमी पोचतंय. हवा कमी पडली किंवा लोड जास्त झाला तर काळा धूर येतो. ऑइल जळत असेल तर निळसर. इथे दोन्ही नाही.

पुढच्या वेळी बंद पडला की सेल्फ मारू नको, आधी टाकीचं झाकण उघड. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक चिखलाने बुजलंय. डिझेल खाली जातं, वरून हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते. थांबलं की हवा हळूहळू शिरते, म्हणून परत चालू. झाकण डिझेलमध्ये धुवायचं, भोक बारीक तारेने मोकळं करायचं.

भाऊजी (कळवा): सूं आवाज नाही आला तर टाकीतून डिझेल बाहेर पडतं त्या तोंडाशी (आउटलेटला) कचरा. आमच्या सोसायटीच्या जनरेटरलाही हीच तपासणी करतो. टाकीखालचा कॉक बंद, फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) जाणारा पाइप फीड पंपाच्या टोकाला सोडवा, खाली पारदर्शक बाटली धरा, कॉक उघडा. धार पाहत राहा, लगेच बंद करू नका. आधी जोरात आणि मग करंगळीसारखी बारीक होत गेली तर कचरा ओढून तोंडावर बसतोय. इंजिन थांबलं की ओढ संपते, कचरा सुटून तरंगतो.

नाना (ऐरोली): बरोबर. आणि ती बाटली फेकू नका, तासभर सावलीत ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी वेगळं दिसतं. मधल्या रेषेवर काळी साय दिसली तर टाकी उतरवून धुवावी लागेल, नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही. पावसाळ्यात अर्धी टाकी रात्रभर ठेवली की आत दव धरतं. संध्याकाळीच भरून ठेवायची.

दादा (मुरबाड): धार बारीक झाली तर?

नाना (ऐरोली): टाकी रिकामी करून तळाचा प्लग काढा, गाळ जाऊ द्या. आउटलेटमधून उलट्या दिशेने हवा मारा, झाकण उघडं ठेवून. मग फीड पंपाची जाळी धुवा. फिल्टर दोन्ही बदला.

भाऊजी (कळवा): रविवारी येतोय, काय आणू?

नाना (ऐरोली): दोन्ही फिल्टर, त्यांचे रबर रिंग, बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) नवे कॉपर वॉशर, डिझेल पाइप एक मीटर, क्लिपा चार. जुना फिल्टर सोबत नेऊन जुळवून घे. टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे पंपात जातात. टाकी ते फीड पंप या भागात फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून कोरडा दिसणारा जोडही संशयाने बघायचा. रेस वरखाली होत असेल तर हेच.

ताई (कोपरखैरणे): डिझेल लाइनमधली एअर कशी काढायची तेही लिही ना, परत फोन नको.

नाना (ऐरोली): हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप मारतानाच आवळा. मग दुसरा फिल्टर, मग नोझलला डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपाचा स्क्रू. तरीही चालू झाला नाही तर नोझलकडचे पाइपनट एक-दीड आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडालं की आवळा. तोंड आणि हात लांब ठेवा, ते दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. हे फक्त जुन्या पंपवाल्या इंजिनाला. कॉमन रेलला (नव्या, फार मोठ्या दाबाच्या इंजिनाला) पाइपनट कधीच सोडायचे नाहीत.

भाऊजी (कळवा): एअर क्लीनरच्या भांड्यातलं तेलही बघून घेऊ, खुणेपर्यंतच हवं.

दादा (मुरबाड): झाकण उघडलं आत्ता. सूं आवाज नाही. बाटली लावतोय.

दादा (मुरबाड): धार मिनिटभर जाड, आता दोऱ्यासारखी. तळाशी तांबूस गाळ आलाय.

नाना (ऐरोली): गंज आहे. टाकी उतरव. भाऊजी, फिल्टर दोन-दोन आण, पहिली जोडी टाकी धुतल्यावर उरलेला गाळ खाईल.