साडेतीन वर्षांच्या मुलीला ‘फाइंडिंग निमो’ दाखवावा का?

त्रिमूर्तीनगरची आई
नणंदेची दोन्ही मुलं सुट्टीत पुण्याहून आली आहेत, मोठा नऊ वर्षांचा आणि धाकटी सात. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, अकरानंतर कोणाला दाराबाहेर सोडायची सोय नाही. म्हणून दुपारी कूलरसमोर बसून सगळ्यांनी ‘फाइंडिंग निमो’ हा माशांचा कार्टून सिनेमा पाहायचा असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मासे तिला फार आवडतात, शेजारच्या काकूंच्या फिशटँकपुढून हलता हलत नाही. पण मिक्सर लागला की धावत जाऊन आजीच्या पदरात तोंड लपवते. तिचे बाबा बुटीबोरीला कंपनीत आहेत. रात्रपाळी असली की ‘बाबा कधी येणार’ हे झोपेपर्यंत चालू असतं. सिनेमात सुरुवातीलाच निमोची आई मरते असं ऐकलंय. घरात सगळे म्हणतात, कार्टूनच तर आहे. तेवढा भाग पुढे ढकलला तर चालेल का? ज्यांनी इतक्या लहान मुलांना दाखवलाय त्यांनी सांगा.

मानेवाड्याचा बाबा
बिनधास्त दाखवा. पहिली चार-पाच मिनिटं पुढे ढकला, बाकी मस्त आहे. आमच्या पोराला कासवं लय आवडली होती. आणि शंका असली तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट पाहून घ्यायचं, ‘यू’ असलं की विषयच संपला.

बालवाडीताई, धरमपेठ
ताई, तीन ते पाच वयाची मुलं रोज माझ्यासमोर असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात गाळून तुमचा प्रश्न सुटणार नाही. तो प्रसंग मोठ्यांचं काळीज हलवतो. बाराकुडा नावाचा मोठा शिकारी मासा येतो, आई अंड्यांकडे झेपावते आणि पडदा काळा होतो. तिला मारलेलं दिसत नाही. सात वर्षांच्या भाचीला ‘आई गेली’ हे बरोबर कळेल, तेव्हा त्या वेळी तिच्याजवळ बसा. साडेतीन वर्षांच्या मुलीला मेलेलं माणूस परत येत नाही हेच अजून उमगलेलं नसतं. या वयात भीती वाटते ती समोर दिसणाऱ्या आणि कानावर आदळणाऱ्या गोष्टींची. दात, डोळे, काळोख, अचानक झालेला धडाका. आणि ओळखीचा चेहरा बदलला की सगळ्यात जास्त.

आता ब्रूस नावाचा शार्क आठवा. आधी तो गोड बोलतो, मासे खाणार नाही अशी शपथ घेतो. मग निमोच्या बाबांबरोबर असलेल्या डोरी नावाच्या माशाच्या नाकातून थोडं रक्त येतं, त्याला वास लागतो आणि त्याचे डोळे काळेभोर होतात. पुढे बुडालेल्या पाणबुडीत पाठलाग, सुरुंगांचे स्फोट. नऊ वर्षांचा मुलगा इथे हसेल, कारण नायक वाचणार हे त्याला गोष्टी ऐकून ऐकून ठाऊक झालेलं असतं. तुमच्या लेकीला एवढंच दिसेल की आत्ता चांगला होता तो आता खायला धावला. त्यानंतर लगेच खोल समुद्रातला मिट्ट काळोख, एक छान लुकलुकता दिवा, आणि दिव्यामागे मोठाले दात. मिक्सरला घाबरणाऱ्या मुलीसाठी मला तर हे दोन प्रसंग आईच्या प्रसंगापेक्षा कितीतरी जड वाटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ताटातूट. पाणबुड्या निमोला उचलून नेतो आणि बाप मागे धावतो, सिनेमा उभाच यावर आहे. तो भाग कापता येत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात तरी दाखवू नका असं कळकळीने सांगते. बाबा घरी असताना, त्यांच्या मांडीवर बसून पाहू दे. आणि आधीच सांगून टाका की शेवटी निमो बाबांकडे परत येतो. शेवट कळला म्हणून या वयाची मजा जात नाही, उलट धीर येतो. एकच गोष्ट रोज ऐकायची असते ती त्यासाठीच.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, त्यात तुमची साडेतीन वर्षांची आणि नऊ वर्षांचा दोघेही आले. 2023 च्या कायद्यातल्या बदलानंतर ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली पाहायच्या सिनेमांचे, 7, 13 आणि 16 असे वयाचे टप्पे झाले, पण सातच्या खाली टप्पाच नाही. तेवढं काम आईबापांनाच करावं लागतं.

सिनेमा 100 मिनिटांचा आहे. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वयासाठी दिवसाला फार तर एक तास पडदा सांगते. म्हणजे दोन दिवसांत विभागावा लागेल. थांबायचं तर कासवांपाशी थांबा, तिथे सगळे सुखरूप आणि आनंदात असतात. शार्कपाशी बंद केला तर शार्कच उशाशी येतो.

महालचे आजोबा
ताईंचं म्हणणं पटते, पण पोरांना इतकं काहून जपायचं? आम्ही तान्ह्या पोळ्याला लहान पोरं खांद्यावर घेऊन मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक पाहाले जातो. काळी मारबत केवढी अक्राळविक्राळ दिसते! पोरं दचकतात, रडतात, अन् पुढच्या वर्षी तेच म्हणतात की मले मारबत दाखवा. भोपळ्यातल्या म्हातारीले खायलेही वाघ येतेच ना. भीती थोडी चाखली पाहिजे पोरांनी.

बालवाडीताई, धरमपेठ
आजोबा, थोडी चाखावी हे मलाही पटतं. पण तुमच्या खांद्यावर बसलेल्या पोराचा हात तुमच्या डोक्याला घट्ट धरलेला असतो. ते कापायला लागलं की तुम्हाला कळतं आणि तुम्ही चार पावलं मागे येता. म्हातारीची गोष्ट सांगतानाही आजी नातवाचं तोंड बघत असते. डोळे मोठे झाले की तिचा वाघ हळू बोलतो, भोपळा लवकर टुणुक टुणुक करत पळतो. सिनेमा मुलाच्या तोंडाकडे बघत नाही, तो आपल्या वेगाने पुढे जातो. म्हणून बघणारं कोणीतरी शेजारी हवं, रिमोट हातात धरून, आणि मोबाइल बाजूला ठेवून.

त्रिमूर्तीनगरची आई
सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळे झोपल्यावर पूर्ण सिनेमा एकटीने पाहिला. शार्कचा आवाज कूलरच्या घरघरीवर मात करायला दुपारी केवढा वाढवावा लागला असता, हे तेव्हा लक्षात आलं. आणखी एक प्रसंग खटकला. निमोला उचलून नेणाऱ्या डेंटिस्टची भाची डार्ला माशाची प्लास्टिकची पिशवी गदागदा हलवते, निमो पोट वर करून मेल्यासारखा पडतो आणि बापाला वाटतं तो गेलाच. इतरांना हे किरकोळ वाटेल, पण काकूंकडचा एक मासा मागे असाच उलटा तरंगत होता आणि माझी लेक त्याला दिवसभर ‘ऊठ’ म्हणत होती.

तर असं ठरवलंय की भाचे दुपारी पूर्ण पाहतील, ही तेव्हा आजीजवळ आतल्या खोलीत झोपलेली असेल. धाकट्या भाचीजवळ सुरुवातीला मी बसेन. लेकीला रविवारी बाबांबरोबर फक्त कासवांचा भाग आणि निमोचा शाळेचा पहिला दिवस दाखवणार. आवाज कमी, खिडकीचा पडदा उघडा. ताई, शाळेचा भाग नेमका कुठे थांबवू?

बालवाडीताई, धरमपेठ
‘रे’ नावाचे मास्तर सगळ्या पिल्लांना पाठीवर घेऊन गाणं म्हणत निघतात तिथपर्यंत दाखवा. प्रवाळाच्या कड्यापाशी पोचायच्या आत बंद करा. तिथून पुढे निमो होडीकडे जातो आणि पाणबुड्या येतो. भाच्यांना आधीच बजावून ठेवा, नाहीतर ‘मामी, आता खरी मजा आहे’ म्हणून तेच ओरडतील.