रुमानियाची राजकन्या इलिआना: हद्दपारीत घर कशावर चाललं?

वाचनवेल्हाळ:
राजा मिहाईने ३० डिसेंबर १९४७ रोजी राजत्याग केला आणि राजघराण्याला देश सोडावा लागला, इथवर सगळीकडे सापडतं. त्याची आत्या इलिआना सहा मुलांना घेऊन बाहेर पडली. पुढे तिचं भागलं कसं? सरकारकडून काही तनखा? आणि ब्रानचा किल्ला तिच्या नावावर होता, त्याचं काय झालं? जाणकारांनी सांगावं.

जुनी_दप्तरं:
तनखा वगैरे काही नाही. आपल्याकडच्या संस्थानिकांना विलीनीकरणानंतर १९७१ पर्यंत तनखे मिळत राहिले, म्हणून तसं वाटतं. रुमानियात १९४८ साली राजघराण्याची मालमत्ता सरकारजमा झाली.

अशा वेळी सोबत नेता येतात ते दागिने. इलिआनाकडे पॅरिसच्या कार्तिये या जवाहिऱ्यांनी घडवलेला नीलमांचा मुकुट होता. मूळचा तो रशियाच्या एका ग्रँड डचेसचा. क्रांतीनंतर तो इलिआनाच्या आईने, राणी मारीने, घेतला आणि पुढे लेकीला दिला. आधी स्वित्झर्लंड, मग अर्जेंटिना करत १९५० मध्ये इलिआना अमेरिकेत पोचली, तेव्हा तो मुकुट रात्रीच्या झग्यात गुंडाळून सामानात होता. तिथे तो विकला. असा ऐवज विकताना पुरेपूर किंमत येणं अवघडच असतं: विकणारा नडलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि सबंध मुकुट घेणारं गिऱ्हाईक विरळा, त्यामुळे बोलणी खड्यांच्या भावावर येतात.

कार्पेथियन:
वरच्या प्रतिसादात थोडी भर. मुकुटाच्या पैशावर सहा मुलं वाढत नाहीत. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये घर केल्यावर तिने व्याख्यानांचे दौरे केले, १९५२ मध्ये आठवणींचं पुस्तक आलं. शीतयुद्धाचा काळ, कम्युनिस्ट राजवट आतून पाहिलेल्या माणसाला ऐकायला अमेरिकेत लोक येत. आणि तिच्याजवळ सांगण्यासारखं खरोखर होतं. १९४४ मध्ये तिने ब्रानला जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उभारलं, स्वतः शुश्रूषा केली. नाव ठेवलं 'राणीचं हृदय', कारण मारीचं हृदय तिच्या इच्छेप्रमाणे काढून वेगळं जपलेलं होतं. ते आधी काळ्या समुद्राकाठच्या बाल्चिकला होतं. १९४० मध्ये तो मुलूख बल्गेरियाकडे गेल्यावर ब्रानला आणलं. इलिआनाबद्दल लिहिताना मंडळी मुकुटाशीच अडतात, मला हे रुग्णालय जास्त महत्त्वाचं वाटतं.

सातबारा:
ब्रानचं उत्तर मालकीच्या साखळीत आहे. १९२० मध्ये ब्राशोव्ह शहराने किल्ला मारीला भेट दिला, १९३८ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तो इलिआनाकडे आला. म्हणजे तो खासगी वारसा होता, राजपदाला जोडलेली मिळकत नव्हे. वारसांचा दावा उभा राहिला तो याच पायावर. २००६ मध्ये किल्ला तिच्या मुलांना, डॉमिनिक आणि दोघी बहिणींना, परत मिळाला. अट अशी की तीन वर्षं तिथलं सरकारी संग्रहालय चालू राहील. २००९ पासून कारभार पूर्ण त्यांच्याकडे आला.

वाचनवेल्हाळ:
मनापासून आभार. ती स्वतः परत जाऊ शकली का?

कार्पेथियन:
हो, पण फार उशिरा. १९६१ मध्ये ती फ्रान्समधल्या ऑर्थोडॉक्स मठात गेली, १९६७ मध्ये मदर अलेक्झांड्रा झाली आणि पेनसिल्व्हेनियात एलवुड सिटीला स्वतः मठ स्थापला. १९८१ पर्यंत त्याची प्रमुख तीच. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये ती रुमानियाला जाऊन आली. २१ जानेवारी १९९१ ला ती वारली, तेव्हा किल्ला अजून सरकारकडेच होता.