तिसरी-चौथीच्या मुलांना छायाचित्रण शिकवायचे आहे : सुरुवात कोठून करावी?

वर्गशिक्षिका, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. शनिवारी दप्तराविना शाळा भरते, त्या सकाळच्या वेळेत मुलांना डिजिटल छायाचित्रण शिकवावे असे ठरले असून, एका माजी विद्यार्थ्याने घरी पडून असलेले चार जुने छोटे कॅमेरे शाळेला दिले आहेत. कॅमेरे चालू आहेत, मात्र दोहोंचे मेमरी कार्ड हरवलेले आहे. मुले छत्तीस आहेत. शिक्षकांचे मोबाइल वापरावेत असे काही सहकारी सुचवतात. परंतु घरी मोबाइल हातचा सुटत नाही म्हणून वैतागलेल्या पालकांना शाळेनेही तोच हातात दिलेला रुचणार नाही, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

मिळेल ते मार्गदर्शन वाचून पाहिले, तर जवळजवळ सगळे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे भोक), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) यांच्या व्याख्यांपासून सुरू होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आधी काय सांगावे, कॅमेरा हातात केव्हा द्यावा आणि चार कॅमेऱ्यांवर छत्तीस जणांना काम कसे वाटून द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना स्टुडिओवाला

बाई, पहिल्या शनिवारी कॅमेरे कपाटातच राहू द्या. आपल्याकडे कौलारू आणि पत्र्याची छपरे अजून पुष्कळ आहेत; शाळेत किंवा शेजारी एखादी अशी खोली असेल, तर मुलांना तेथे घेऊन जा आणि जमिनीवर पडलेले कवडसे दाखवा. छपरातले भोक वेडेवाकडे असते, तरी त्याखाली उन्हाच्या तिरिपेशी काटकोनात धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर कवडसा गोलच उमटतो, कारण ते भोकाचे नव्हे, सूर्याचे चित्र असते. छप्पर तीन मीटर उंच असेल आणि भोक बारीक असेल, तर हे चित्र साधारण तीन सेंटीमीटरचे भरते. पुठ्ठा हळूहळू वर भोकापर्यंत नेला, की गोल मोडून भोकाचा खरा आकार दिसू लागतो. हे मुलांच्या हातून करून घ्या, तुम्ही फक्त शिडी धरा.

त्यानंतर वर्गाच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करून उन्हाकडच्या खिडकीत बोटभर रुंदीचे एकच भोक ठेवा आणि त्यासमोर चार-पाच फुटांवर पांढरा चार्ट पेपर धरा. अंधाराला डोळे सरावायला काही मिनिटे लागतात, तोवर मुले गोंगाट करतील, तो करू द्यावा. मग पटांगणात उन्हात उड्या मारणारी चार मुले कागदावर खाली डोके, वर पाय अशी दिसू लागतात. भोक लहान केले तर चित्र रेखीव होते पण मंद पडते, मोठे केले तर उजळते पण पसरते. अ‍ॅपर्चर हा शब्द न उच्चारता त्याचे निम्मे मर्म येथेच कळते.

आपल्या मुलांना आणखी एक गोष्ट आयतीच ठाऊक असते. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेरीस होतो, म्हणजे मावळतीचा प्रकाश वर्षातून दोनदा एका ठरावीक वाटेने गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो. प्रकाशाला दिशा असते आणि ती दिवसागणिक सरकते, हे निराळे समजावून सांगण्याची गरजच उरत नाही. तेव्हा पहिला खरा अभ्यास असा द्यावा : शाळा भरताना आणि सुटताना एकाच जागी उभे राहून एकाच वस्तूचा फोटो काढायचा. पाण्याची टाकी चालेल, फाटकासमोरची हातगाडी चालेल. सकाळी आडव्या उन्हात भिंतीचा खरबरीतपणा उठून दिसतो, दहा-अकरानंतर तोच सपाट होतो.

कॅमेरा हातात देताना नियम थोडकेच असावेत. दोरी आधी मनगटात. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवायची. बटण निम्मे दाबून थांबायचे, पडद्यावर हिरवी चौकट आली की मग पूर्ण दाबायचे; फोटो हलण्याचे सर्वांत मोठे कारण हे बटण एकदम ठोकणे असते. फ्लॅश बंद, कारण छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोहोचतो आणि जवळचे चेहरे पांढरेफटक करतो. झूमही बंद, वस्तू मोठी हवी असेल तर दोन पावले पुढे जावे. सूर्याकडे कॅमेरा रोखायचा नाही, आणि डोळा लावून पाहण्याची खिडकी असलेल्या कॅमेऱ्यातून तर सूर्याकडे मुळीच पाहायचे नाही, हे मात्र दरवेळी बजावावे लागते.

चित्रकला शिक्षक

वरील सर्व पटते. मला वेगळ्याच मुद्द्यावर थोडे लिहायचे आहे. फोटोची चौकट तीन भागांत विभागून वस्तू रेघेवर ठेवण्याचा नियम हौशी मंडळी पहिल्याच दिवशी शिकवतात. तो या वयात शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नियम सांगितला की मुले रेघा जुळवत बसतात आणि समोरचे पाहणे थांबते. त्याऐवजी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून काडेपेटीच्या आकाराची खिडकी कापून प्रत्येकाच्या हाती द्यावी. डोळ्याजवळ धरली तर अख्खे पटांगण मावते, हात लांब केला तर नळाची तोटी तेवढी उरते. छत्तीस मुलांना छत्तीस कॅमेरे मिळाल्यासारखेच आहे, आणि खर्च शून्य.

दुसरे असे, की मुलांच्या फोटोत मोठ्यांची डोकी कापली जातात, पोटे आणि पिशव्या दिसतात. ती चूक समजून लगेच दुरुस्त करू नये. सव्वा मीटर उंचीवरून कपिलतीर्थ मंडई खरोखर तशीच दिसते : भाज्यांचे ढीग नाकासमोर, तराजू डोळ्यांच्या पातळीवर आणि विक्रेत्याचा चेहरा कोठेतरी वर. एका मुलीने मंडईत फक्त मेथीची जुडी बांधणारे हात टिपले होते. हिरवी पडलेली नखे आणि दातात धरलेले सुतळीचे टोक इतकेच चौकटीत होते. 'चेहरा का नाही आला?' असे विचारणाऱ्या पालकांना मी त्या मुलीकडेच पाठवले. 'चेहरा काम करत नव्हता,' असे तिने सांगितले.

फोटो काढून झाल्यावर प्रत्येक गटाने आपल्या फोटोंतून एकच निवडावा आणि का निवडला ते चार वाक्यांत लिहावे. भाषेचा तासही त्यात होऊन जातो.

वर्गशिक्षिका, कोल्हापूर

दोघांचेही आभार. पुठ्ठ्याच्या खिडक्या सोमवारीच कापून घेते. गट नऊ-नऊ जणांचे करावे लागतील, परंतु एकाच्या हाती कॅमेरा आणि आठ जण ताटकळत, असे होणार नाही का? शिवाय हे कॅमेरे पाच मेगापिक्सेलचे आहेत. आजच्या मोबाइलपुढे ते फारच मागासलेले दिसतात.

पालक, संगणक क्षेत्रात नोकरी

पाच मेगापिक्सेल म्हणजे पन्नास लाख ठिपके. चार बाय सहा इंचांची उत्तम छपाई करायला सुमारे बावीस लाख पुरतात, त्यामुळे ती काळजी सोडावी. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात उभे शंभर आणि आडवे शंभर असे अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. हे मुलांना सांगावे आणि लगेच आलेखाच्या कागदावर कोल्हापुरी चपलेचे चित्र चौकोन पूर्ण काळे किंवा पूर्ण कोरे ठेवूनच काढायला लावावे, आधी दहा बाय दहा चौकोनांत आणि मग तीस बाय तीसमध्ये. अंगठा कोणत्या चित्रात ओळखू येतो, त्यावर वर्गात चांगलाच वाद होतो.

कार्ड घेताना सावध राहावे. २००६ च्या आधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना दोन जीबीपर्यंतचे साधे एसडी कार्डच चालते. आज दुकानात मिळणारे बत्तीस जीबीचे कार्ड त्यात घातले तर कॅमेरा ते ओळखतच नाही. काही जुन्या कॅमेऱ्यांची कार्डे तर निराळ्याच आकाराची असतात, म्हणून कॅमेरा सोबत नेऊनच खरेदी करावी.

फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत, असे मी पालक म्हणून आवर्जून सांगेन. छपाईसाठीही ते कार्डावरून थेट घ्यावेत, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो. पुढेमागे मोबाइल वापरलाच, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील स्थाननोंद बंद करावी, नाहीतर फोटो कोठे काढला तेही फाइलसोबत जाते. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक गणला गेला असून त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तेव्हा सुरुवातीलाच लेखी संमती घ्यावी, आणि मंडईत कोणाचा फोटो काढण्यापूर्वी 'मावशी, काढू का?' असे विचारण्याची सवयही मुलांना लावावी.

जुना स्टुडिओवाला

गटाच्या प्रश्नाविषयी : नऊ जणांत कॅमेरा एकाकडे, दुसरा त्याचा सोबती म्हणून दोरी आणि पाठीमागची वाट सांभाळणारा, तिसरा वहीत फोटोचा क्रमांक व वेळ लिहिणारा, आणि उरलेले सहा जण पुठ्ठ्याच्या खिडकीतून पुढची जागा हेरणारे. प्रत्येकाला तीनच फोटो, मग पाळी बदलायची. रिळाच्या काळात छत्तीस फोटोंवर अख्खे लग्न निभावत असे, त्यामुळे तीन कमी आहेत ही तक्रार मी तरी ऐकून घेणार नाही.

खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी मुलांना कधीतरी जरूर न्यावे. बाबूराव पेंटर यांनी शतकापूर्वी याच गावात स्वतःचा चित्रपट कॅमेरा घडवला, ही गोष्ट तेथे उभे राहून सांगितलेली बरी.

आणि पावसाळ्याचे आधीच सांगून ठेवतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की कातडी पाकिटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते आणि ते सहसा पूर्ण निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरे ठेवावेत, आणि पेन्सिल सेलवर चालणारे असतील तर सुट्टी लागण्याआधी सेल काढून घ्यावेत, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे खाऊन टाकतात.