'स्पीक अप'ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली: चाकणच्या एका कारखान्यासाठी सुरक्षेच्या फलकांचा मजकूर मराठीत करतेय. 'स्पीक अप'वर अडलेय. चुकीचं काही दिसलं, मग ते 'इथे असंच करतात' यातलं का असेना, तर बोला, असा अर्थ. मॅनेजरांनी 'आवाज उठवा' सुचवलं. प्रेस शॉपमधल्या एका काकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "युनियनचा बोर्ड आहे का?" तिथे दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच पत्रा दाबणारी प्रेस खाली येते, म्हणजे बोटं डायमध्ये (साच्यात) सापडत नाहीत. पण माल जास्त निघावा म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून एका हाताने चालवतात. सगळ्या पाळ्यांना माहीत आहे. ती पाचर पाहून नव्या पोराने तोंड उघडावं, यासाठी शब्द हवाय.

पेठकर: 'आवाज उठवणे' हिंदीतून उचललेलं. आपलं 'वाचा फोडणे' आहे की.

चिंचवडकर: वाचा फोडतात ती अन्यायाला, आणि फोडतात वर्तमानपत्रं. पाळीवरचा माणूस सुपरवायझरसमोर वाचा फोडत नाही. आणि आवाज हिंदीतून उठवला असेल तर असू दे, मोर्चातल्या बायका आज तोच शब्द वापरतात. त्यांच्या तोंडून काढून घ्यायचा का?

शब्दवेडी: मला वेगळंच खुपतं. ब्र, चकार शब्द, अवाक्षर, हूं की चूं, सगळे नकारातच भेटतात. 'त्याने ब्र काढला नाही.' आणि काढलाच, तर ते उलट बोलणं, तोंड वर करून बोलणं. एकच वाक्य मामा बोलले की परखड, मामी बोलली की फटकळ. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे निघालास?' विचारलं तरी आजी म्हणायची, टोकू नये. चूक दाखवायला 'टोकणे' किती नेमका शब्द, तो आपण अपशकुनात घातला.

निवृत्त मास्तर: फुल्यांनी १८७३ साली पुण्यात समाज काढला, त्याचं नाव 'सत्यशोधक'. आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढलं, 'सुधारक'. जिवंतपणी ज्यांची प्रेतयात्रा याच गावाने काढली, ते आगरकर. दोन्ही नावांत आपल्याला काय करायचंय ते आहे, कुणाविरुद्ध ते नाही. शब्द तसा शोधा. बाकी 'ब्र' हा संस्कृत 'ब्रू' धातूतून आलेला, ब्रवीति.

पेठकर: सर, पटत नाही. चकार म्हणजे 'च' हे अक्षर, तसा 'ब्र' हाही नुसता तोंडातून निघणारा आवाज.

हडपसरकर: 'हरकत घ्या' चालेल? महापालिका 'हरकती व सूचना' मागवतेच.

पेठकर: हरकत अरबी. आक्षेप म्हणा.

हडपसरकर: दिवसभर 'हरकत नाही, हरकत नाही' म्हणताना अरबी आठवत नाही. घ्यायची म्हटली की आठवते.

भाषांतरवाली: हरकत लेखी वाटते, अर्ज करावा तशी. प्रेस खाली यायच्या आत बोलायचंय. 'हटका' कसं वाटतं? 'पाचर दिसली की हटका.'

चिंचवडकर: हटकणं वरून खाली होतं. वॉचमन हटकतो, पोलीस हटकतो. हेल्पर साहेबाला हटकत नाही.

भाषांतरवाली: म्हणूनच तो हवाय. बोटं जाणार ती हेल्परची. त्याला हटकायचा हक्क नसेल तर फलक कशाला लावायचा? 'कृपया निदर्शनास आणून द्यावे' लिहिलं तर कुणाला काही त्रास नाही, आणि पाचर तिथेच राहील.

चिंचवडकर: फलक वाचून साहेब चिडला तर? नुसतं 'थांबवा, सांगा' लिहा.

निवृत्त मास्तर: 'ब्रू' धातूचं मी उगाच म्हटलेलं नाही. अर्थ पाहा, बोलणे. ध्वनी पाहा.

पेठकर: ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती होत नाही, सर. आणि ब्र फक्त नकारात येतो, हेही खरं नाही. आमच्या आईच्या तोंडी 'ब्र काढलास तर बघ' होतं.

शब्दवेडी: ती धमकी झाली. मी शाबासकीचं वाक्य शोधतेय, 'बरं झालं ब्र काढलास' असं. कुणी ऐकलंय का घरात?