सार्वजनिक रेडिओवर उत्क्रांतीची चर्चा: निर्मितीवाद्याला खुर्ची द्यावी का?

लघुलहरी (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवर, म्हणजे एनपीआरशी (नॅशनल पब्लिक रेडिओ) जोडलेल्या गावोगावच्या केंद्रांवर, उत्क्रांती विरुद्ध निर्मितीवाद (देवानेच सगळे जीव घडवले हे मत) हा विषय फोन-इन कार्यक्रमात अधूनमधून येतोच. एखाद्या राज्यात विधेयक येतं, एखादं शाळामंडळ पाठ्यपुस्तकावरून अडून बसतं, की निर्माता स्टुडिओत दोन खुर्च्या मांडतो. एकीवर जीवशास्त्रज्ञ, दुसरीवर निर्मितीवादी. माझं म्हणणं, दुसरी खुर्ची मांडूच नये.

आधी वेळेचा हिशोब बघा. तासाभरातून बातम्या आणि मधले ब्रेक वजा केले की पन्नासेक मिनिटं उरतात. त्यातून सूत्रसंचालक आणि श्रोत्यांचे फोन गेले की एका पाहुण्याच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं. "अर्धवट डोळ्याचा काय उपयोग?" हे विचारायला चार सेकंद लागतात. उत्तर द्यायचं तर प्लॅनेरिया या चपट्या कृमीपासून सुरुवात करावी लागते. त्याचा डोळा म्हणजे नुसती रंगद्रव्याची वाटी, उजेड कुठल्या बाजूने येतोय एवढंच तिला कळतं. मग नॉटिलस: वाटीचं तोंड आवळून सुईच्या छिद्राएवढं झालेलं, भिंग नाही, पण धूसर का होईना आकृती दिसते. त्यानंतर भिंगाचे डोळे. हे सगळे टप्पे आजही जिवंत प्राण्यांत आहेत आणि ज्याच्या-त्याच्या कामाला पुरेसे आहेत. एवढं सांगेपर्यंत दीड मिनिट गेलं, तोवर समोरचा रक्त गोठण्याच्या मुद्द्यावरून थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमावर पोचलेला असतो. शाळांतल्या उत्क्रांतीच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या युजिनी स्कॉट यांनी १९९४ मध्ये याला 'गिश गॅलप' हे नाव दिलं, ड्वेन गिश या निर्मितीवादी वक्त्याच्या सवयीवरून. गिश चौखूर सुटायचे, शास्त्रज्ञ मागून धापा टाकत यायचे.

"कायदाच समतोल मागतो" असं निर्माते सांगतात. १९६७ चा सार्वजनिक प्रसारण कायदा वादग्रस्त विषयांच्या कार्यक्रमांत वस्तुनिष्ठता आणि समतोल मागतो, खरं आहे. पण त्यातले शब्द 'कार्यक्रम किंवा कार्यक्रमांची मालिका' असे आहेत. समतोल एकाच तासात तराजूने मोजून द्यायची गरज नाही. शिवाय वादग्रस्त काय आहे? शाळेत काय शिकवावं हे. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एक होते का, हे नाही. शाळेच्या धोरणावर जरूर दोन बाजू बसवा.

तिरकस

सपशेल असहमत.

गॅलप या मतचाचणी संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के अमेरिकनांनी देवाने माणसाला आजच्याच रूपात घडवलं असं सांगितलं. हे लोक सार्वजनिक रेडिओला करातून पैसे देत आले. त्यांच्यापैकी जे ऐकतात त्यांना "तुमच्या बाजूचं कुणी बोलावण्याच्या लायकीचं नाही" असं सांगितलं की ते रेडिओचा काटा फिरवतात. पुढच्या स्टेशनवर ख्रिस्ती प्रवचन चालू असतं आणि तिथे उलट प्रश्न विचारणारा कुणी नसतो.

गिश गॅलपचं म्हणाल, तर त्याच स्कॉटबाईंचं म्हणणं पुढे असं आहे की सभागृहातल्या जाहीर वादविवादापेक्षा रेडिओ बरा. सभागृहात गिश पाऊण-एक तास सलग बोलणार. रेडिओवर मध्येच थांबवून "हे खरं असेल तर अमुक दिसायला हवं ना?" असं विचारता येतं. म्हणजे दोष खुर्चीचा नाही, सूत्रसंचालकाच्या तयारीचा. एका वेळी एकच दावा, आणि तो तडीस गेल्याशिवाय पुढचा नाही, हे माइक चालू होण्याआधीच दोघांकडून कबूल करून घ्यायचं.

डोव्हरचंच बघा. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळामंडळाविरुद्धच्या या खटल्यात इंटेलिजंट डिझाइनचे (जीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले या मताचे) सगळ्यात नावाजलेले शास्त्रज्ञ मायकल बीही यांनी उलटतपासणीत कबूल केलं की त्यांची विज्ञानाची व्याख्या लावली तर फलज्योतिषही तीत बसतं. हे बीहींना खुर्ची दिली म्हणून बाहेर आलं.

लघुलहरी

तिरकसराव, कोर्ट आणि स्टुडिओ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोव्हरचा खटला २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ असा चालला. शपथ होती, कागदपत्रं मागवता येत होती आणि विषय बदलला की न्यायाधीश टोकत होते.

खटल्याचं खरं वळण तर उलटतपासणीतही नव्हतं, कच्च्या खर्ड्यांत होतं. शाळामंडळाने नववीच्या मुलांना चार परिच्छेदांचं निवेदन वाचून दाखवायचं ठरवलं होतं: डार्विनच्या सिद्धांतात फटी आहेत, 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे इंटेलिजंट डिझाइनचं पुस्तक उपलब्ध आहे, वगैरे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला, शेवटी प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन वाचलं. फिर्यादींनी त्या पुस्तकाचे जुने खर्डे मागवले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा 'निर्मितीविज्ञान' शिकवण्याचा कायदा रद्द केला. त्यानंतरच्या खर्ड्यात 'क्रिएशनिस्ट्स' (निर्मितीवादी) खोडून 'डिझाइन प्रोपोनंट्स' (डिझाइनचे पुरस्कर्ते) घातलं होतं. एके ठिकाणी खोडताना हात घसरला: जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर 'सी' पुढे राहिलं, 'इस्ट्स' मागे राहिलं, आणि मधे नवे शब्द अडकून 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स' असं काहीतरी तयार झालं. तत्त्वज्ञ बार्बरा फॉरेस्ट यांनी हे खर्डे साक्षीत मांडले. असा पुरावा गोळा करायला महिने लागतात. मंगळवारी सकाळी दहाच्या कार्यक्रमात तो कुठून आणणार?

वर्ग नववी ब

दोघेही पाहुण्यांवर भांडताय. कार्यक्रम बिघडतो तो त्याच्याही आधी, प्रश्न कसा विचारला तिथे.

प्यू या संस्थेने २०१८ मध्ये एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारून पाहिली. पहिल्या तऱ्हेत आधी विचारलं, "माणूस उत्क्रांत झाला की पहिल्यापासून असाच आहे?" आणि देवाचा हात होता का हे नंतर. 'असाच आहे' म्हणणारे ३१ टक्के निघाले. दुसऱ्या तऱ्हेत तिन्ही पर्याय एकदम समोर ठेवले, 'देवाच्या मार्गदर्शनाने उत्क्रांत झाला' हाही त्यातच. आता 'असाच आहे' म्हणणारे १८ टक्के. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) लोकांत तर ६६ वरून ३८. म्हणजे बऱ्याच जणांची तक्रार जीवाश्मांबद्दल नाहीच. देव की उत्क्रांती यांतलं एकच निवडा म्हटलं की ते देव निवडतात. निर्माता दोन खुर्च्या मांडतो तेव्हा तो नेमकं हेच करतो.

म्हणून फोन घेणाऱ्याचं काम महत्त्वाचं. नाव-गाव विचारून "विषय काय?" एवढ्यावर फोन पुढे ढकलू नये. "हा प्रश्न प्राण्यांबद्दल आहे, शाळेबद्दल आहे की श्रद्धेबद्दल?" हे तिथेच विचारून सूत्रसंचालकाच्या पडद्यावर टिपून द्यावं. श्रद्धेच्या प्रश्नाला जीवशास्त्रज्ञाने जीवाश्माचं उत्तर दिलं की कार्यक्रम फसतो, आणि फोन करणाऱ्याला आपल्याला हिणवलं असं वाटतं. अशा प्रश्नांसाठी केनेथ मिलर यांच्यासारखा पाहुणा हवा. श्रद्धावान कॅथलिक, पेशीजीवशास्त्रज्ञ, शाळेच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आणि डोव्हरमध्ये फिर्यादींचे पहिले साक्षीदार.

शास्त्राचा भाग असा निवडावा की तो चित्राशिवाय कानाने कळेल. कवट्यांच्या तुलना रेडिओवर मरतात. गुणसूत्र क्रमांक दोन मात्र छान जमतं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. पूर्वज एकच असतील तर एक जोडी गेली कुठे? अख्खी हरवली तर जीव जगणार नाही, म्हणजे दोन जोडल्या गेल्या असल्या पाहिजेत. तशा जोडल्या असतील तर खूण सापडायला हवी. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, साडीच्या पदरासारखी. दोन साड्या पदराला पदर लावून शिवल्या तर पदराची नक्षी भलतीकडे, मधोमध येणार, आणि शिवणीच्या पलीकडे उलटी दिसणार. माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रात नेमकं तसंच आहे, शिवाय निकामी झालेला दुसरा सेंट्रोमिअरही (गुणसूत्राचा आवळलेला भाग, एरवी एकच असतो). घाई न करता एका मिनिटात बसतं. (अमेरिकन श्रोत्यांसाठी साडीऐवजी बुटाची नाडी घ्या.)

चार्वाकाचा शेजारी

मिलर यांना बोलावणं ही पळवाट आहे. "घाबरू नका, हेही चर्चला जातात" असं सांगून उत्क्रांती खपवायची, म्हणजे देव न मानणारा जीवशास्त्रज्ञ माइकच्या लायकीचा नाही असंच झालं की.

आणि लघुलहरींच्या मूळ मांडणीत एक भोक आहे. "ते विज्ञानच नाही म्हणून खुर्ची नाही" हा युक्तिवाद कोर्टात चालतो, तर्कात चालत नाही. १९८२ मध्ये आर्कान्सॉच्या खटल्यात न्यायाधीश ओव्हर्टन यांनी निर्मितीवाद विज्ञान नाही असा निकाल दिला, तेव्हा लॅरी लॉडन या विज्ञानाच्या तत्त्वज्ञाने निकालाच्या तर्कावरच टीका केली. त्यांचा मुद्दा असा: पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे, जगबुडी झाली होती, हे तपासता येणारे दावे आहेत. तपासले गेले, खोटे निघाले. मग 'तपासताच येत नाहीत' असं का म्हणायचं, सरळ 'खोटे' म्हणा की. हे रेडिओवर म्हणायची हिंमत असेल तर समोर कुणीही बसो.

वर्ग नववी ब

पळवाट नाही, कार्यक्रम कुणासाठी आहे त्याचा प्रश्न आहे. २०११ मध्ये बर्कमन आणि प्लुत्झर यांनी ९२६ जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. उत्क्रांती ठामपणे शिकवणारे २८ टक्के, निर्मितीवादाचा पुरस्कार करणारे १३ टक्के, आणि उरलेले जवळपास ६० टक्के पालक भडकतील म्हणून धडा गुंडाळणारे. रेडिओ या ६० साठी हवा. पालकांना काय उत्तर द्यायचं याचं वाक्य त्यांना हवं असतं, लॉडन नको असतात.

मध्यमलहर

जरा आपल्याकडचं. १९९१ पासून आकाशवाणीने 'मानव का विकास' ही १४४ भागांची मालिका १८ भाषांतून प्रसारित केली. माणसाची उत्क्रांती, आणि दुसरी खुर्ची नाही. समतोलाचा प्रश्न कुणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे वादाचा सूरही वेगळा लागतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, डार्विन चूक आहे, शाळेतून हे बदलायला हवं. तिन्ही विज्ञान अकादम्यांनी दोन दिवसांत संयुक्त निषेधपत्रक काढलं. पण सिंह "हा फक्त एक सिद्धांत आहे" असं म्हणाले नाहीत. अमेरिकेतली ही हुकमी ओळ मराठीत चालतच नाही, कारण आपल्याकडे 'सिद्धांत' म्हणजे सिद्ध झालेलं. उलट आपली अडचण 'उत्क्रांती' याच शब्दात आहे. त्यातला 'उत्' वर चढायला सांगतो, मग जिना आला, जिन्याच्या वरच्या पायरीवर आपण, आणि "मग उरलेली माकडं का नाही चढली?" हा प्रश्न. मराठी सूत्रसंचालकाने तासाची सुरुवात इथूनच करावी: जिना नाही, झाडाच्या फांद्या. आजचं माकड आपला पणजोबा नाही, चुलतभाऊ.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा शास्त्रज्ञांनी सह्यांचं पत्र काढलं. तो भाग बारावीला आहे, पण बारावीला जीवशास्त्र घेणारे किती?

तिरकस

१४४ भाग एकतर्फी ऐकवून २०१८ चं मंत्र्यांचं विधान टळलं का पण?

मध्यमलहर

आणि समोरासमोर बसवून अमेरिकेत काय साधलं? ४ फेब्रुवारी २०१४ ला विज्ञानप्रसारक बिल नाय हे केंटकीत निर्मितीवादी केन हॅम यांच्या क्रिएशन म्युझियममध्ये जाऊन वाद घालून आले. ९०० खुर्च्या, २५ डॉलरचं तिकीट. त्याच महिन्यात हॅम यांनी जाहीर केलं की नोहाच्या तारवाच्या प्रकल्पासाठी रोख्यांचे पैसे जमले, वादाची प्रसिद्धीही कामी आली. २०१६ मध्ये तारू उभं राहिलं.

तिरकस

तारू राहू द्या. त्या रात्रीचं लोकांच्या अजून लक्षात आहे ते एकच. "कशाने तुमचं मत बदलेल?" असं दोघांना विचारलं. नाय म्हणाले पुरावा, आणि कसला पुरावा तेही सांगितलं. हॅम यांच्या उत्तराचा मथितार्थ होता, कशानेच नाही. दुसरी खुर्ची नसती तर हे ऐकायला मिळालं असतं का?

लघुलहरी

नसतं, मान्य. पण तो प्रश्न नाय यांनी विचारला नव्हता, सूत्रसंचालकाच्या मनातलाही नव्हता. प्रेक्षकांतून चिठ्ठीवर आला होता. दोन तास दोन खुर्च्यांना जे सुचलं नाही ते चिठ्ठीवाल्याला सुचलं. तुमच्या हॅमना फोन लाइनवर घ्या, बाकीच्या श्रोत्यांसारखं रांगेत. तिथे माझी हरकत नाही.