टोरांटोतल्या कार्यक्रमाआधीचं लँड अकनॉलेजमेंट: नेमकं काय कबूल करायचं?

तिरकीरेघ:
टोरांटोत मंडळाचा कार्यक्रम आहे. सुरुवातीला या भूमीच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख करणारं निवेदन वाचायचंय. महापालिकेचा तयार मजकूर मिळतो, पण समितीत तीन आक्षेप निघाले. आपण स्थलांतरित, कुणाची जमीन हिसकावलेली नाही, मग आपण का बोलायचं? जगातली बहुतेक जमीन कधी ना कधी कुणीतरी कुणाकडून घेतलेलीच आहे, मोजायला सुरुवात कुठून करायची? आणि परत द्यायची नसेल तर नुसतं म्हणायचं कशाला? तिन्हींत तथ्य वाटतं. मजकूर कसा लिहावा?

दप्तरदार:
टोरांटोपुरता 'जिंकलेली जमीन' हा विचार आधी बाजूला ठेवा. इथे मिसिसागांशी, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवाशांशी, लढाई नाही, खरेदीखत झालं. गोम त्या खतातच आहे.

१७६३ च्या राजघोषणेत ब्रिटिश राजसत्तेने स्वतःच नियम घालून दिला होता: मूळ रहिवाशांची जमीन खाजगी माणसाने परस्पर विकत घ्यायची नाही. ती राजसत्तेनेच घ्यायची, तीही त्या लोकांची जाहीर सभा बोलावून. १७८७ मध्ये मिसिसागांशी व्यवहार झाला. मोबदल्यात बंदुकीचे २,००० चकमक दगड, २४ पितळी हंडे, १२० आरसे, ९६ गॅलन रम वगैरे माल दिला. पुढे दप्तर उघडून पाहिलं तर खत कोरं! जमिनीचं वर्णनच नाही, आणि तीन प्रमुखांच्या निशाण्या वेगळ्या कागदांवर घेऊन वर चिकटवलेल्या. मग १८०५ मध्ये नवं खत केलं (हाच करार क्रमांक १३), १० शिलिंगांत सुमारे अडीच लाख एकर. जुनं खत कुचकामी आहे हे मात्र मिसिसागांना सांगितलं नाही. या दाव्यापोटी कॅनडा सरकारने २०१० मध्ये १४.५ कोटी डॉलर दिले.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर यातच आहे. वेंडॅट, हौडेनोशोनी, मिसिसागा हे सगळे वेगवेगळ्या काळात या भागात राहिले, आपसात लढलेही. सगळ्यांत आधी कोण, ही शर्यत लावली तर ती संपणार नाही. त्यापेक्षा सही कुणी केली, अटी काय होत्या आणि त्या कुणी मोडल्या हे विचारा. सही करणारी राजसत्ता आजही आहे, समोरची बाजूही आहे. राजसत्तेला तिच्याच नियमाने मोजलं तरी ती नापास होते.

शंकासूर:
खताचं पटलं. पण २००५ मध्ये विमानाने उतरलेल्या माणसाचा यात काय दोष?

कलमबहाद्दर:
दोष काहीच नाही, आणि निवेदनात दोष घेऊही नये. "आम्ही तुमची जमीन घेतली" असं स्थलांतरितांच्या मंडळाने म्हणणं खोटंही आहे आणि थोडं नाटकीही.

पण दायित्व दोषाशिवायही येतं. तुमच्या घराच्या मालकीचा कागद मागे मागे नेला की राजसत्तेने दिलेल्या पट्ट्यापाशी पोचतो, आणि तिचा हक्क उभा आहे तो याच खतावर. शिवाय जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्यूट आणि मेटी या कॅनडाच्या मूळ रहिवासी लोकांचे मूळ व कराराने मिळालेले हक्क मान्य असल्याचं वाक्य आहे. मूळ रहिवाशांच्या मुलांवर निवासी शाळांत झालेल्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५ च्या ९४ शिफारशींपैकी ती शेवटची. तेव्हापासून नागरिक झालेल्यांनी ही कबुली शपथेवर दिलेलीच आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, तो उडवून लावू नका. कॅलिफोर्नियातल्या युरेका शहराने २०१९ मध्ये बेटावरची आपल्या मालकीची जमीन तिथल्या मूळ वियोट लोकांना खरोखर परत दिली. त्याच बेटावर १८६० मध्ये त्यांची कत्तल झाली होती. उलट सू या मूळ रहिवाशांकडून घेतलेल्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ प्रदेशापोटी अमेरिकन न्यायालयाने १९८० मध्ये मंजूर केलेली १० कोटी डॉलरहून मोठी रक्कम सू लोकांनी आजवर उचललेली नाही, कारण त्यांना जमीन हवी आहे. मंडळाकडे परत द्यायला जमीन नाही. जे हातात आहे तेवढंच वचन द्या. काहीच करायचं नसेल तर वचनाचं वाक्य गाळा, ते जास्त प्रामाणिक.

दप्तरदार:
आता मजकूर. आधी सभागृहाचा पत्ता तपासा. शहराचा बराचसा भाग करार क्रमांक १३ खाली येतो, पण पूर्वेकडे मूळ रहिवाशांशी झालेल्या १९२३ च्या विल्यम्स करारांचा संबंध येतो. तिथली तक्रार वेगळी: शिकार आणि मासेमारीचे हक्क नाकारले गेले, आणि २०१८ मध्ये १.१ अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

करार १३ साठी इतकं पुरे: "हा कार्यक्रम करार क्रमांक १३ च्या भूमीवर होत आहे. हा करार मिसिसागाज ऑफ द क्रेडिट फर्स्ट नेशन आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात झाला. १७८७ चं खत कोरं होतं, १८०५ मध्ये ते लपवून नवं करण्यात आलं. हे लोक आजही इथे आहेत आणि कराराचे हक्कदार आहेत." पुढे वचनाचं एक वाक्य, असेल तर.

नेहमी चुकतं ते असं. व्हँकूवरचा मजकूर उचलून "कधीही न सोडलेली भूमी" म्हणतात. तिथे ते बरोबर आहे, कारण त्या जमिनीचा करारच झालेला नाही. इथे करार आहे आणि वाद त्याच्या वैधतेचा आहे. दुसरं, "इथे पूर्वी राहत असत" असा भूतकाळ. जिवंत समाजाला त्याने इतिहासजमा केलं जातं. तिसरं, "निसर्गपुत्र" वगैरे विशेषणं, ती सरळ काढा. आणि स्वागताचे शब्द यजमानाने, म्हणजे त्या भूमीच्या मूळ लोकांनी, म्हणायचे असतात. ते हवे असतील तर त्या नेशनच्या कार्यालयाला बरंच आधी विचारा, मानधन किती आणि रीत काय हेही त्यांनाच विचारा. आदल्या दिवशीचा फोन म्हणजे अपमान.

तिरकीरेघ:
आभार. दीपप्रज्वलनाआधी की नंतर? आणि कोणी वाचावं?

कलमबहाद्दर:
आधी, अध्यक्षांनी. मंडळातर्फे बोलायचं आहे, त्यामुळे सूत्रसंचालकाकडे देऊ नका. नावांचे उच्चार ध्वनिफितीवरून बसवून घ्या. 'हौडेनोशोनी'वर बहुतेक जण अडखळतात. लोक खुर्च्या शोधत असतील तर ते बसेपर्यंत थांबा.