मोहरचे कडे की जायंट्स कॉजवे? एकच दिवस आहे

कंटाळलेली_कोकिळा: ऑगस्टमध्ये आयर्लंडला चाललेय, मुक्काम डब्लिनला, भटकायला हातात एकच दिवस आणि बरोबर आई, वय ६८, गुडघे कुरकुरतात. मोहरचे कडे (पश्चिमेचे समुद्रकडे) की उत्तरेचा जायंट्स कॉजवे (समुद्रकाठचे दगडी खांब) यावरून घरात दोन तट पडलेत. मला ते पफिन पक्षीपण बघायचेत. दोन्ही केलंय का कुणी?

वारा_खाऊन_आलेला: पफिन विसरा, जुलै संपेपर्यंत ते समुद्रावर निघून गेलेले असतात. बाकी मोहर ते मोहर. सगळ्यात उंच जागी २१४ मीटर सरळ खाली, आणि दगडाचे थर असे आडवे की वह्यांची चळतच. आम्ही सकाळी दहाला पोचलो तर समोर नुसतं पांढरं, धुकं! लाटांचा आवाज येतोय पण दिसत काही नाही, दीड तास तसेच कुडकुडत बसलो मग एकदम पाचच मिनिटं उघडलं आणि बायको माझा हात धरून गप्प उभी, हे क्वचित घडतं. कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी सावलीतच असतात, दुपारनंतरच जा. आणि फोटोसाठी कठड्यापलीकडे अजिबात नको, वर गवत दिसतं पण खालून पोखरलेलं असू शकतं.

निवांत_बसा: आईंसाठी कॉजवे. तिथल्या व्हिजिटर सेंटरपासून दगडांपर्यंत छोटी बस जाते. जवळजवळ ४०,००० खांब आहेत, लाव्हा गार होताना आकसला आणि आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा भेगा पडत खोलवर गेल्या. सगळे षटकोनी नसतात हां, पाच नि सात बाजूंचेपण सापडतात, माझा मुलगा मोजतच बसला होता. पाण्याजवळच्या काळ्या दगडांवर मात्र जाऊ नका, माझा पाय सटकला, चष्मा अजून तिथेच आहे. फटींत लोक नाणी खोचतात, ती गंजून फुगतात आणि दगड फुटतो, तेवढं करू नका. आणि तो भाग युकेत येतो, पाउंड लागतील, व्हिसावर बीआयव्हीएस (म्हणजे आयर्लंडच्या व्हिसावर युकेतही जाता येतं) लिहिलंय का बघा.

वारा_खाऊन_आलेला: गाडी भाड्याने घेत असाल तर सीमा ओलांडणार हे आधी सांगून ठेवा. पलीकडे पाट्या मैलांत आहेत, ५० ची पाटी बघून मी उगाच रांगत होतो, मागचे हॉर्न मारतायत 😅

कंटाळलेली_कोकिळा: पासपोर्ट काढून बघितला, बीआयव्हीएस आहे! आईला वाचून दाखवलं तर म्हणते आठ बाजूंचा सापडला तर काय देशील.